रुसव्याचा मॉड

ज्या खेळात माणसाला लाजेनं मरण येऊ शकतं, तो खेळ बनवणाऱ्यांनी माणसं बरीच पाहिलेली असणार. ‘द सिम्स ४’मध्ये ही सोय आहे. त्यातली माणसं, म्हणजे सिम्स, आधी ओशाळतात, मग फार ओशाळतात, आणि मग कुठे तोंड लपवू अशा शेवटच्या पायरीला पोचतात. त्या पायरीवर फार वेळ रेंगाळलं की खेळ खलास. अति रागानं मरण्याचीही तरतूद आहे, आणि अति हसण्यानंही. हा नियम आपल्याकडच्या एखाद्या लग्नाला लावून बघा. ऐनवेळी उखाणा विसरलेली नवरी, खिशात अंगठी न सापडणारा नवरदेव, आणि हातात माइक आला की तो न सोडणाऱ्या काकांचा मुलगा, एवढी मंडळी तरी पहिल्या पंगतीआधीच गेलेली असतील.

माझी भाची कॉलेजसाठी डोंबिवलीला आमच्याकडे राहते. २०२२च्या ऑक्टोबरात कंपनीनं या खेळाचा मूळ भाग फुकट केला आणि फुकट ते पौष्टिक या न्यायानं तो तिच्या लॅपटॉपवर येऊन बसला. पुढचे जोडभाग विकत घ्यावे लागतात. ते सगळे घ्यायचे तर घर विकावं लागेल, आणि ते खेळातलं नव्हे. खेळ म्हणाल तर साधा. माणसं घडवायची, त्यांना घर बांधून द्यायचं, नोकरीला लावायचं, आणि मग ती कशी जगतात ते बघत बसायचं. जिंकणं-हरणं काही नाही.

तिनं सगळ्यात आधी आमचंच घर उभं केलं. या खेळात मोठ्या माणसाला तीन स्वभावविशेष देता येतात. माझ्या वाट्याला उदास, पुस्तकी किडा आणि आळशी हे आले. ‘चौथा देता येत नाही गं मावशी,’ असं ती वर हळहळली. चौथा कोणता ते मी विचारलं नाही. आईच्या वेळी मात्र पेच पडला. नीटनेटकी, रागीट आणि कुटुंबवत्सल हे तीन लगेच ठरले. पण मग दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, मोजून ठेवणं कुठे घालायचं? आणि शेजारच्या पोराला ताप आला म्हणून रात्री अकरा वाजता काढा घेऊन जाणं, ते कुठे घालायचं?

‘आजी, तू तीनमध्ये बसत नाहीस,’ भाचीनं जाहीर केलं.

‘मग तुझ्या मावशीचे काढून मला दे. तिला तीन कशाला लागतात?’

या खेळाच्या मुळाशी एक आग आहे. विल राइट या खेळकर्त्याचं घर १९९१च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या वणव्यात जळून गेलं. संसार पुन्हा पहिल्यापासून मांडताना त्याच्या डोक्यात घोळू लागलं की माणसाला आधी काय लागतं, नंतर काय लागतं, आणि कुठल्या वस्तूनं नेमकं काय बरं वाटतं. त्यातून बाहुलीघराची कल्पना निघाली. त्याच्या मॅक्सिस या कंपनीतल्या वरिष्ठांना ती काही रुचली नाही. मोठी माणसं पैसे देऊन बाहुल्यांना शौचालयात पाठवत बसतील, हे कुणाच्या पचनी पडेना. १९९७मध्ये ईए या बड्या कंपनीनं मॅक्सिस विकत घेतली, २०००च्या फेब्रुवारीत ‘द सिम्स’ बाजारात आला, आणि दोनेक वर्षांत तो संगणकावरचा तोवरचा सर्वांत खपाचा खेळ ठरला. बाहुल्यांना शौचालयात पाठवायला जग उत्सुकच होतं.

त्या पहिल्या खेळातली एक युक्ती मला फार आवडते. सिमला स्वतःची अक्कल बेताचीच दिली होती. अक्कल होती ती वस्तूंमध्ये. फ्रिज मूकपणे सारखा ओरडत असतो की माझ्याकडे या, भूक भागेल. पलंग म्हणतो, या, शीण जाईल. टीव्ही म्हणतो, या, करमेल. ज्या सिमला ज्या गोष्टीची चणचण, त्याला ती हाक जास्त मोठ्यानं ऐकू जाते, आणि वरच्या चार-दोन हाकांपैकी एकीला तो ओ देतो. दर वेळी सर्वांत फायद्याच्या हाकेला नाही, कारण तसं केलं तर तो भलताच शहाणा वाटेल आणि त्याला सांभाळायला खेळणाऱ्याची गरजच उरणार नाही. हे समजल्यापासून, दुपारी चार वाजता काही नको असताना फ्रिज उघडून त्याच्या उजेडात उभ्या राहणाऱ्या माणसांवरचा माझा राग ओसरला आहे. त्यांना हाक आलेली असते.

मूड मात्र तेव्हा एकच होता, बरा किंवा वाईट. डोक्यावर फिरणारा स्फटिक हिरवा असला तर ठीक, लालसर झाला तर कुठेतरी काहीतरी तुंबलंय. २००४च्या दुसऱ्या भागात सिम्सना इच्छा आणि धास्ती मिळाल्या. २००९च्या तिसऱ्या भागात मूडचे छोटे छोटे तुकडे झाले: चांगलं जेवण झालं त्याचा एक, ओल्या कपड्यांचा एक, अशा चिठ्ठ्या. आणि २०१४च्या चौथ्या भागात आल्या खऱ्याखुऱ्या भावना. आनंद, दुःख, राग, ओशाळलेपण, एकाग्रता, स्फूर्ती, खोडकरपणा, आत्मविश्वास, ताण, कंटाळा. प्रत्येक चिठ्ठीला वजन असतं, एकाच भावनेच्या चिठ्ठ्यांची बेरीज होते, आणि जिची बेरीज जास्त ती भावना चेहऱ्यावर, चालण्यात, कामात उतरते. स्फूर्ती आलेला सिम चित्र चांगलं काढतो, एकाग्र सिम बुद्धिबळ चांगलं खेळतो.

भावना हवी तेव्हा आणण्याचीही सोय आहे. अंघोळीचेच तीन-चार प्रकार आहेत: एक अंग चेतवणारी, एक प्रणयाची गुलाबी छटा आणणारी, आणि एक चिंतनपर, जिच्यातून सिम स्फूर्ती घेऊन बाहेर येतो. एक बाथरूम आणि एक गीझर असलेल्या घरात चिंतनपर अंघोळ करून बघावी. सातव्या मिनिटाला दारावर थाप पडते आणि स्फूर्ती पायपुसण्यावरच निथळून जाते. दुःखी सिमला दुःखाच्या हेल्पलाइनला फोन लावता येतो. रागावलेला सिम संडासात जाऊन रागारागानं बसू शकतो. हा खेळातला अधिकृत पर्याय आहे, मी रचलेला नाही.

पण मला खरी भुरळ पडली ती चिठ्ठ्यांची. कुठल्याही सिमच्या मूडवर बाण नेला की तिथे कारण लिहिलेलं असतं, आणि ही भावना अजून किती तास टिकेल तेही. दुःखी: अमक्याशी भांडण झालं, अजून चार तास. ओशाळलेला: चारचौघांत चड्डी ओली झाली, अजून तीन तास. काय स्वच्छ कारभार! आमच्याकडे आईच्या चेहऱ्यावर असं काही लिहून येत नाही. ‘काय झालं?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘कुठे काय?’ पुन्हा विचारलं की, ‘मला काय होणारे?’ इथून पुढे शोधमोहीम आपली आपण चालवायची. कारण कधी सकाळच्या पोह्यांत सापडतं, कधी १९८७ सालच्या मुंजीत. आणि मुदतीची तर बातच सोडा.

तर कंपनीनं भावना दिल्या, आणि खेळणाऱ्यांनी तक्रार काय केली असेल? सिम्स फार आनंदात असतात म्हणून. झालं होतं असं, की खोली जरा नीट सजवली की ‘घर छान आहे’ अशी आनंदाची चिठ्ठी लागायची. भिंतीवर दोन महागडी चित्रं, कोपऱ्यात एक पुतळा, आणि बेरजेत दुःखाचा टिकाव लागेना. नवरा गेला तरी बाई हॉलमध्ये आली की प्रसन्न. घरातलं माणूस गेल्यावर दुःखाची चिठ्ठी लागते खरी, पण तिला मुदत असते आणि सोफ्याला नसते. आगीत घर गमावलेल्या माणसाच्या डोक्यातून निघालेल्या खेळात शेवटी फर्निचरच दुःखाला पुरून उरलं.

मग लोक स्वतः कामाला लागले. मॉड म्हणजे खेळात खेळणाऱ्यांनीच केलेली दुरुस्ती, भर किंवा मोडतोड. तिन्हींतला फरक ती कोण करतं त्यावर ठरतो. ‘मीनिंगफुल स्टोरीज’ नावाचा एक गाजलेला मॉड आहे. तो एवढंच करतो की सिम्सच्या मनाला थोडा जडपणा देतो. आनंद चटकन मिळत नाही, मूड इकडून तिकडे पटकन उडी मारत नाही, दुःख झालं तर ते रेंगाळतं. म्हणजे बघा, हा असा खेळ की ज्यात ‘मदरलोड’ हा एक शब्द टंकला की पन्नास हजारांची रक्कम घरात येते. यम आला तर त्याची विनवणी करता येते. सगळ्या माणसांना कायम सुखात ठेवण्याची किल्ली हातात आहे. आणि माणसं रात्ररात्र जागून काय लिहितात, तर एका खोट्या बाईला तिच्या खोट्या नवऱ्याचं नीट दुःख करता यावं यासाठीचा प्रोग्रॅम. आपल्याकडे दहा दिवसांचं सुतक, मग बारावं, तेरावं असं सगळं आखून देणाऱ्यांना हा मॉड दाखवला असता तर त्यांनी मान डोलावली असती. चिठ्ठीची मुदत कमी पडते हे त्यांना फार आधी कळलं होतं.

मॉड करू देणं हा या खेळाचा जुना स्वभाव. २०००मध्ये खेळ दुकानांत यायच्याही आधी कपडे आणि भिंतींचे कागद बनवायची साधनं मॅक्सिसनं लोकांना देऊन टाकली होती. चौथ्या भागात तर एक ‘मॉड्स’ नावाचं फोल्डरच असतं. स्वभाव, भावना, चिठ्ठ्या या एक्सएमएल नावाच्या साध्या वाचता येणाऱ्या फाइलींमध्ये मांडलेल्या. मोठी कारागिरी करायची असेल तर पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहायचं. भाचीनं मला एकदा ती फाइल उघडून दाखवली. दुःख म्हणजे एक नाव, एक वजन, एक मुदत. वजनाच्या जागी दोनचे पाच केले की साधं वाईट वाटण्याचं छाती पिटणं होतं. इतकं सोपं असेल तर जगात कवींनी काय केलं, असा विचार क्षणभर मनात आला. पण भाची पुढच्या ओळीवर गेली होती.

मॉडची दुनिया अफाट आहे. कुणी साड्या बनवतं, कुणी भिंतीवरचे देव. कंपनीनंही २०२१मध्ये मुंबईच्या रस्त्यावरच्या फॅशनवरून ‘फॅशन स्ट्रीट’ नावाचा कपड्यांचा संच काढला. पण तो ठरल्या किमतीला, घासाघीस न करता घ्यायचा, त्यामुळे खऱ्या फॅशन स्ट्रीटवर वाढलेल्या बायकांना तो चोरीचा माल वाटला असता. माझा सर्वांत लाडका मॉड मात्र भांड्यांचा. चौथ्या भागातले सिम्स जेवल्यावर ताटली घेऊन जे बेसिन मनाला येईल तिकडे धुवायला जात. स्वयंपाकघर सोडून थेट बाथरूममध्ये. त्यावर एका मॉडकर्त्यानं इलाज काढला आणि त्याचं नाव ठेवलं, मराठीत सांगायचं तर, ‘जिथे रागानं शौचाला बसता तिथे भांडी घासू नका’. आईला हे सांगितल्यावर तिनं पहिल्यांदाच या खेळाबद्दल गांभीर्यानं विचारलं, ‘म्हणजे इतके दिवस घासत होते?’ सोवळं-ओवळं मानणाऱ्या आणि न मानणाऱ्या दोन्ही घरांत एकमतानं चालेल असा दुसरा प्रोग्रॅम मला माहीत नाही.

या उद्योगात एक कायमचं दुखणं आहे. कंपनी खेळाची नवी आवृत्ती धाडते, खेळ आपणहून सगळे मॉड बंद करून ठेवतो, आणि ते पुन्हा चालू केले की कुठला तरी एक मोडलेला असतो. सिम्स जागच्या जागी उभे राहतात, नाहीतर आगीकडे बघून टाळ्या वाजवतात. दोषी मॉड शोधायची सर्वमान्य रीत म्हणजे अर्धे मॉड बाहेर काढायचे, खेळ चालवून बघायचा, मग उरलेल्यातले अर्धे काढायचे. मुंजीत भांडण नेमकं कुणी लावलं ते शोधायला अर्धे पाहुणे घरी पाठवून बघावं, तसं हे. अर्थात कंपनीच्या स्वतःच्या आवृत्त्याही काही धुतल्या तांदळाच्या नसतात. २०२२च्या जुलैमध्ये एका अपडेटनंतर सिम्स एकाएकी भराभर म्हातारे होऊ लागले होते. दहावीचा निकाल लागेपर्यंतच्या चार दिवसांत पालकांचं जे होतं ते कंपनीनं काही दिवसांत दुरुस्त केलं. पालकांसाठी अशी आवृत्ती निघालेली नाही.

एका गोष्टीचं मात्र मला फार नवल वाटतं. या सिम्सना सुरुवातीची सहा वर्षं मनात डूख धरताच येत नव्हती. भांडण झालं, चिठ्ठी लागली, मुदत संपली, चिठ्ठी गळाली. मैत्रीची पट्टी खाली घसरायची तेवढीच, पण ‘अमकी मला तेव्हा असं म्हणाली’ हे मनात साठून राहायला जागाच नव्हती. ती जागा २०२०च्या नोव्हेंबरात आली: एका सिमला दुसऱ्याबद्दल टिकून राहणारी भावना, कडवटपणा, दुखावलेपण. हाच खेळ आमच्या नात्यातल्या कुणी बनवायला घेतला असता तर डूख पहिल्या दिवशी तयार झाली असती आणि शौचालय सहा वर्षांनी. भीतीही अशीच उशिरा, २०२१च्या जानेवारीत, स्वतंत्र भावना म्हणून दाखल झाली. तोवर घरात भुतं फिरत होती आणि सिम्सना फार तर अवघडल्यासारखं व्हायचं.

तर अशा या भावनांच्या यादीत भाचीला एक दिवस एक भोक सापडलं. ‘मावशी, यांच्यात कुणी रुसतच नाही.’

खरंच नव्हतं कुणी रुसत. रागावणारे होते, रडणारे होते, पांघरुणात तोंड लपवणारे होते. पण भिंतीकडे तोंड करून पडायचं, जेवायचं नाही म्हणायचं, आणि कान मात्र स्वयंपाकघराकडे लावून ठेवायचे, हे त्यातल्या एकालाही येत नव्हतं. भाचीनं ठरवलं की याचा मॉड करायचा. ती कॉलेजात पायथॉन शिकते, त्यामुळे हा अभ्यासच आहे असं तिचं म्हणणं. आणि अभ्यास म्हटल्यावर आमच्याकडे कुणी विरोध करत नाही.

काम वाटलं तितकं सोपं निघालं नाही. तिनं दुःखाची एक तयार चिठ्ठी घेतली, नाव बदललं, वजन वाढवलं, आणि मुदतीपाशी अडली. ‘किती तास ठेवू?’ आम्ही दोघींनी विचार केला. रुसव्याला तास नसतात. दुःख आपणहून ओसरतं, राग थकतो, पण रुसलेला माणूस एकटा ठेवला तर रुसवा संपत नाही, फक्त जुना होतो. इतर सगळ्या भावना एका सिमच्या फाइलीत मावत होत्या; ही मावेना, कारण ही दोघांत मिळून एक असते. शेवटी तिनं मुदत काढूनच टाकली आणि अट घातली: दुसऱ्या कुणी येऊन समजूत काढली तरच चिठ्ठी उतरेल, आणि तोवर सिमनं आपणहून काही खायचं नाही. रुसण्याचं कारणही तिनं आमच्या घरातूनच उचललं. जेवणाची हाक सगळ्यांना गेली आणि एकाला राहिली, की त्या एकानं रुसायचं.

प्रयोगासाठी माझी निवड झाली. मी मुळातच उदास असल्यानं अर्धं काम झालेलं आहे, असं कारण मिळालं.

पडद्यावरच्या आईनं जेवण केलं. पडद्यावरच्या भाचीला हाक मारली. पडद्यावरच्या मला मारली नाही. मी ताबडतोब आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले आणि सिमलिशमध्ये कण्हले. सिमलिश ही सिम्सची बिनअर्थाची भाषा. पहिल्या खेळाच्या वेळी खऱ्या भाषा वापरून पाहिल्या, पण तीच तीच वाक्यं ऐकून वीट येईल म्हणून त्या सोडल्या. मग स्टीफन केरिन आणि जेरी लॉलर या दोघा कलावंतांनी आयत्या वेळी सुचेल तसं बोलून ही उभी केली. शब्दांना काही अर्थ नाही, पण सूर इतका चोख की वरच्या मजल्यावरचं अनोळखी भाषेतलं भांडण जसं आपल्याला मुद्द्यांसकट कळतं तसं सगळं कळतं. माझ्या कण्हण्याचा अर्थही स्पष्ट होता. ‘नाही जेवत मी’, आणि त्याच्यामागे दबक्या आवाजात, ‘विचारा ना पुन्हा’.

कुणी विचारलं नाही. पडद्यावरच्या आईला स्वयंपाकघराचा ओटा हाक मारत होता; ती नीटनेटकी असल्यानं त्याला ओ देऊन तो पुसत राहिली. भाचीला टीव्हीनं बोलावलं. मग फ्रिजनं दोघींना बोलावलं. माझ्याकडून कुणालाच काही ऐकू जात नव्हतं, कारण मी वस्तू नव्हते. माझी भूक हिरव्यातून पिवळ्यात, पिवळ्यातून लालात गेली, आणि अखेर पडद्यावर धूर होऊन काळ्या झग्यातला, हाती कोयता घेतलेला यम हजर झाला.

तेव्हा कुठे दोघी धावत आल्या. ज्या बाईची मनधरणी करायला आख्ख्या घरातून कुणी फिरकलं नव्हतं, तिच्यासाठी आता मोठमोठ्यानं रडणं चालू झालं, आणि आईला यमाच्या विनवणीला लावण्यात आलं. तिनं हात जोडले, काहीतरी गुडघ्यावर बसून सांगितलं. यम विरघळला. मी उठले. आणि तडक जाऊन पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडले, कारण चिठ्ठी अजून तशीच होती. यम घालवता आला होता, रुसवा नाही.

खऱ्या आईनं हा सगळा प्रकार मागे उभं राहून पाहिला. यम काम आटोपल्यावर लगेच जात नाही. तो जरा वेळ घरात रेंगाळला, टीव्हीसमोर बसला. ‘चहा तरी विचारा त्याला,’ आई म्हणाली.

दुसऱ्या आवृत्तीत भाचीनं डोकं चालवलं. रुसलेल्या सिमलाच तिनं फ्रिजसारखं हाक मारायला लावलं. आता तो पडल्या पडल्या आजूबाजूला मूकपणे ओरडू लागला की माझ्याकडे या, माझी समजूत काढा. जितका जास्त वेळ पडून राहील तितकी हाक मोठी. हे तिला सुचलं आणि मला आमच्या घरातली भांडी आपटण्याची सारी परंपरा एकदम उलगडली. ते आपटणं रागाचं नसतंच. कपाटाचं दार जोरात लावणं, बादली ठेवताना आवाज करणं, ‘मी काय, राहीन तशीच’ हे भिंतीला उद्देशून म्हणणं, हे सगळं फ्रिजचं काम चाललेलं असतं. फक्त फ्रिजमध्ये ते कंपनीनं बसवून दिलेलं असतं आणि आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हातानं.

या वेळी मी रुसल्याबरोबर पडद्यावरची आई ओटा टाकून आत आली, माझ्याजवळ बसली, काहीतरी गोड बोलली. चिठ्ठी उतरली. मी टुणकन उठून जेवायला गेले. भाचीनं विजयी मुद्रेनं मागे पाहिलं.

‘हे काय?’ आई म्हणाली. ‘लगेच उठली?’

‘मग? समजूत काढली ना.’

‘अगं, पहिल्यांदा विचारल्यावर कुणी उठतं का? त्याला रुसणं म्हणतात? पहिल्यांदा नाही म्हणायचं. दुसऱ्यांदा तर बोलायचंच नाही. तिसऱ्यांदा कुणी आलं की मग बघायचं.’

भाचीनं एक मोजणी घातली. दोन प्रयत्न वाया, तिसरा लागू. ‘आणि जेवायला बसली तरी लगेच बोलायचं नाही,’ आईनं पुढे सांगितलं. ‘दोन घास होऊ द्यायचे. आणि भाजी चांगली झालीये असं तर मुळीच म्हणायचं नाही.’ भाची भराभर टाइप करत होती. मला आयुष्यात पहिल्यांदाच कुठलीतरी कागदपत्रं रीतसर तयार होत असल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं नुसत्या तोंडी व्यवहारावर चाललं होतं.

मग भाचीला शंका आली. ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची नेहमीची शंका होती. ‘पण आजी, दोनदा नाही म्हटल्यावर तिसऱ्यांदा कुणी आलंच नाही तर? मग ती पडूनच राहणार. परत यम येणार.’

आईनं क्षणभरही विचार केला नाही. ‘नाही आलं तर आपणच उठायचं. पाणी प्यायच्या निमित्तानं.’

भाचीनं यादी उघडून पाहिली. भूक, झोप, करमणूक, सोबत, स्वच्छता, संडास. ‘आजी, या खेळात तहान नाहीचे.’

‘तहान कुणाला लागलीय?’ आई म्हणाली.